दोन ग्रहणे आणि सूर्याचे चित्र

खग्रास सूर्यग्रहणाचे चित्र हल्ली शाळेतील मुलांच्या पुस्तकातही असते. मध्ये काजळासारखे काळे बिंब, त्याच्या कडेला तांबूस ज्वालांची टोके आणि भोवती मोत्याच्या रंगाचा पसरलेला किरीट, एवढे त्यात दिसते. ते पाहून आपण पान उलटतो. हे चित्र कोणी काढले, हाताने काढले की यंत्राने, आणि ते खरे कशावरून मानावयाचे, हे प्रश्न आपल्या मनास शिवत नाहीत. एकोणिसाव्या शतकात मात्र याच प्रश्नांवर युरोपातील ज्योतिष्यांत मोठी भवति न भवति चालली होती. त्या वादाशी आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखाचा संबंध वाचकांस वाटेल त्याहून पुष्कळच निकट आहे. या मुलखावरून तीस वर्षांच्या अंतराने चंद्राची छाया दोनदा गेली. पहिल्या वेळी सांगलीच्या शेजारी आलेल्या शोधकाचा भरवसा स्वतःच्या डोळ्यावर होता; दुसऱ्या वेळी साताऱ्याच्या दोहों बाजूंस कॅमेऱ्यांच्या तोफाच जणू मांडल्या गेल्या होत्या. डोळ्याची साक्ष काचेकडे कशी गेली, आणि ती सगळीच्या सगळी कशी गेली नाही, हे या दोन ग्रहणांवरून चांगले कळते.

खग्रास स्थिती फार थोडा वेळ टिकते. तेवढ्यात पाहावयाचे, लक्षात ठेवावयाचे आणि अंधारात कागदावर उतरावयाचे. जवळजवळ बसलेल्या दोघांनी काढलेले किरीट एकमेकांशी जुळत नसत. एकाचा चौकोनी, तर दुसऱ्याचा चांदणीसारखा. सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तांबड्या शृंगांविषयी तर ती चंद्राची की सूर्याची, की नुसता दृष्टिभ्रम, येथपर्यंत मतभेद होता. ग्रहणाचे पहिले चांगले छायाचित्र १८५१ साली प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे बेर्कोव्स्की नावाच्या छायाचित्रकाराने चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर घेतले. पुढे १८६० साली स्पेनमध्ये द ला रू व फादर सेकी यांनी दूरदूरच्या दोन ठिकाणांहून छायाचित्रे घेऊन ती ताडून पाहिली, तेव्हा दोन्हींत शृंगांची आकृती एकच निघाली. चंद्र पुढे सरकेल तशी एका बाजूची शृंगे झाकतात व दुसऱ्या बाजूची उघडी पडतात, हेही दिसले. शृंगे सूर्याचीच होत, हा निकाल काचेने दिला. किरीट मात्र फिका पडे, आणि त्याची साक्ष अजून चिताऱ्याच्याच हाती होती.

पहिली छाया आली ती १८ ऑगस्ट १८६८ रोजी, शके १७९० च्या श्रावणातील अमावास्येस. एडनवरून निघालेली ही छाया अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर चढली व विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी पूर्वेकडे गेली. तिचा पट्टा चांगला रुंद होता आणि सांगली त्यात येते. लंडनच्या रॉयल सोसायटीने पाठविलेले पथक पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात उतरले होते. जमखंडी आज कर्नाटकात आहे, पण त्या काळी सांगली, मिरज, जमखंडी ही एकाच घराण्याची नांदती घरे होती. पथकाचा प्रमुख लेफ्टनंट जॉन हर्शेल हा हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीखात्यातील अधिकारी. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. याचा बाप सर जॉन हर्शेल याने छायाचित्र पक्के करणारे ‘हायपो’ हे द्रव्य छायाचित्रणाला मिळवून दिले आणि ‘निगेटिव्ह’, ‘पॉझिटिव्ह’ हे शब्दही रूढ केले. ज्या घरात छायाचित्रणाची परिभाषा घडली, त्या घरचा मुलगा जमखंडीस आला तो कॅमेऱ्याकरिता नव्हे, तर लोलकातून डोळ्याने पाहण्याकरिता, यात थोडी मौज आहे खरी.

ऑगस्टातला तो पावसाळी दिवस. ढग सूर्यावरून सारखे जात होते. खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकावयाची होती. तिच्यातला बराच भाग ढगांनी खाल्ला. ढग फाटले तेवढ्या वेळात हर्शेलने एका शृंगाचा प्रकाश लोलकातून पाहिला, आणि त्याला अखंड रंगपट्टा न दिसता तांबडी, नारिंगी व निळी अशा सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. सुट्या रेषा म्हणजे तप्त वायू. शृंगे वायूची आहेत, हे त्याच दिवशी गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यानेही पाहिले. यांतील नारिंगी रेषा मिठातील सोडियमची असावी असे तेव्हा वाटले. ती सोडियमची नव्हे, हे पुढे ध्यानात आले, आणि त्या अज्ञात द्रव्यास लॉकियर यांनी सूर्यावरून ‘हेलियम’ हे नाव दिले. पृथ्वीवर तो वायू सापडावयास १८९५ साल उजाडावे लागले.

येथे एका लोकप्रिय समजुतीचा निर्देश करणे प्राप्त आहे. हेलियमचा शोध लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरून लावला, असे पुष्कळदा लिहिले जाते. किल्ल्यावरील ओटे ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवितात आणि १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. उत्साहाबद्दल तक्रार नाही. परंतु १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. त्यांनी त्या रेषा ऑक्टोबरात, ग्रहणावाचून, आपल्या देशातच पाहिल्या. विजयदुर्गास ते आले ते १८९८ साली, दुसऱ्या छायेच्या वेळी. सूर्यावरील त्या नारिंगी रेषेचा मान आपल्या भागातील एखाद्या स्थळास द्यावयाचाच असेल, तर तो विजयदुर्गाआधी जमखंडीस द्यावा लागेल.

त्याच छायेत गुंटूरला मेजर टेनंट यांनी छायाचित्रे घेतली, आणि एडनला जर्मन पथकानेही घेतली. त्या काळच्या छायाचित्रकाराचे हाल आज कल्पनेतही येणार नाहीत. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतावयाचा, ती अंधाऱ्या तंबूत रौप्यक्षाराच्या पाण्यात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वीच धुवावयाची. हवा गरम असली की थर लवकर वाळे आणि श्रम फुकट जात. अशा स्थितीत मिळालेल्या टेनंट यांच्या काचांवर एक प्रचंड, पिळवटलेले शृंग उमटले. ते ‘महाशृंग’ म्हणून प्रसिद्ध आहे. एडन व गुंटूर या दोन छायाचित्रांच्या दरम्यान जमखंडी येते. दोन्हींकडे काच बोलली आणि मध्ये डोळा. आणि गंमत अशी की शृंगाचा आकार काचेने सांगितला, ते कशाचे बनले हे मात्र डोळ्यानेच सांगितले.

पुढील डिसेंबर १८७१ चे ग्रहण दक्षिण हिंदुस्थानात होते, आणि त्या वेळी किरीटही काचेवर चांगला उतरला. आता चिताऱ्याचे काम संपले असे कोणास वाटले असेल तर ते चूक ठरले. किरीटाचा आतला भाग अतिशय तेजस्वी, तर बाहेरची टोके अगदी मंद. काच थोडा वेळ उघडी ठेवावी तर आतला भाग सुरेख येतो व टोके नाहीशी होतात. अधिक वेळ ठेवावी तर टोके येतात, पण आत नुसता पांढरा डाग उरतो. कोणतीही एक काच संपूर्ण किरीट दाखवू शकत नाही. म्हणून रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे वेस्ली नावाचे गृहस्थ कमीअधिक वेळाच्या अनेक काचा भिंगाखाली पाहून त्यांवरून हाताने एकच चित्र काढीत. हे चित्र छायाचित्रही नव्हे आणि निव्वळ कल्पनाही नव्हे. याच्या उलट ट्रूव्हेलो या फ्रेंच चित्रकाराने १८७८ साली अमेरिकेत पाहिलेल्या ग्रहणाचे रंगीत शिळाप्रेसचे चित्र घ्या. ते फार सुंदर आहे, आजही पाहात राहावेसे वाटते. पण त्याचा किरीट मोजावयास घेतला तर चित्रकाराच्या डोळ्याखेरीज दुसरा साक्षीदार सापडत नाही. आम्हांस वेस्ली अधिक आदरणीय वाटतात, कारण त्यांच्या चित्रातील प्रत्येक रेघेचा जाब एखाद्या काचेकडे मागता येतो.

दुसरी छाया येण्यापूर्वी महाराष्ट्रात एक नवी गोष्ट घडली होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांची देणगी व मुंबई सरकारची भर यांतून त्यांनी १८८८ साली कॉलेजाच्या आवारात वेधशाळा उभारली. तेथील ग्रबच्या कारखान्यात घडलेली २० इंची आरशाची दुर्बीण हिंदुस्थानात त्या काळी सर्वांत मोठी होती. नायगमवालांचा ओढा प्रथमपासून वर्णपटाकडे. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात जी मुख्य रेषा दिसते, ती १८९१ च्या सुमारास त्यांनी तपासली आणि ती रेखीव, स्वच्छ कडांची आहे असे प्रसिद्ध केले. लॉकियर यांचा सिद्धांत असा होता की, तेजोमेघ उल्कांच्या टकरींतून होतात. तो खरा तर ही रेषा एका बाजूस विरत जावयास हवी होती. पुण्याच्या एका अध्यापकाने लंडनच्या एवढ्या मोठ्या नावाच्या विरुद्ध जाणारा वेध घेतला व तो लपविला नाही, ही गोष्ट आपल्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदावयास हवी होती.

२२ जानेवारी १८९८, शके १८१९ ची पौष अमावास्या, शनिवार. पुणे प्लेगच्या धाकात होते. अशा शनिवारच्या अमावास्येला भर दुपारी सूर्य काळा पडणार, या वार्तेने घरोघर काय वाटले असेल ते सांगावयास नको. नकाशावर विजयदुर्ग आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर यांना जोडणारी रेघ ओढली, तर ती कऱ्हाडच्या जवळून सह्याद्री उतरते व माणच्या माळावरून पुढे जाते. हाच छायेचा मार्ग. सांगली शहर त्याच्या दक्षिणेस राहते. (आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच, तो १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले.) या रेघेच्या पश्चिम टोकास लॉकियर, तर पूर्व टोकास अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल आणि पुण्याचे नायगमवाला. सातारा जिल्हा त्या दोहोंच्या मध्ये.

खग्रास स्थिती सुमारे दोनच मिनिटे टिकावयाची होती. विजयदुर्गास लॉकियर यांनी ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील खलाशांना कवाईत देऊन कामास लाविले. कॅमेरे होतेच, पण किरीटाची चित्रे काढण्यासही माणसे बसविली होती. किरीटाच्या आतल्या तेजाने डोळे दिपू नयेत म्हणून पुढे एक चकती धरावयाची व बाहेरची मंद टोके तेवढी रेखाटावयाची, अशी ती युक्ती होती. म्हणजे छायाचित्रणाच्या ऐन भरात, जगातील एक नामांकित ज्योतिषी खलाशांच्या हातात पेन्सिली देत होता.

जेऊरला कँपबेल यांनी चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभा केला. भिंग उंच मचाणावर, काच खाली जमिनीलगत, आणि सूर्य सरकेल तशी घड्याळाच्या यंत्राने काचही सरकावयाची; त्यामुळे सूर्यबिंब सुमारे साडेचार इंच व्यासाचे उमटे. नायगमवालांचे पथक त्याच गावी होते. त्यांचे एक मोठे लक्ष्य होते ते क्षणदीप्त वर्णपट. खग्रास स्थिती लागताना व सुटताना, केवळ एकदोन सेकंद, सूर्याच्या कडेवरील पातळ वायूच्या थराचा प्रकाश एकटाच उरतो आणि वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी उजळून उठतात. त्या मोजावयास डोळ्याला सवडच नसते. येथे काचेला पर्यायच नाही, आणि हा वर्णपट काचेवर प्रथम धरला गेला होता तो जेमतेम दीड वर्षापूर्वी, १८९६ साली. जेऊरला नायगमवालांनी तो धरला. त्यांचा या ग्रहणावरील सविस्तर अहवाल पुण्याच्या वेधशाळेचा पहिला ग्रंथ म्हणून १९०२ साली बाहेर पडला.

छाया पुढे वऱ्हाडात गेली. तेथे तळणी या लहानशा स्टेशनगावी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे पथक होते, आणि त्यात अ‍ॅनी माँडर ही बाई होती. ती पूर्वी ग्रिनिच वेधशाळेत गणिताचे काम करी. लग्न होताच, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, तिला नोकरी सोडावी लागली होती. तिच्याजवळचे भिंग अवघे दीड इंचाचे. परंतु मंद प्रकाश टिपावयाचा तर मोठे बिंब नको, आखूड कॅमेरा हवा, हे तिने ओळखले होते. तिच्या काचेवर किरीटाचा एक पट्टा इतका लांब उमटला की तितका लांब पट्टा तोपर्यंत कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. जेऊरच्या चाळीस फुटी नळकांड्याने किरीटाची बारीक वीण दाखविली आणि तळणीच्या हातभर कॅमेऱ्याने त्याची लांबी. दोन्ही एका चित्रात आणावयाची झाली की पुन्हा वेस्लींचीच वाट.

ही वाट अजूनही मोडलेली नाही. आज ग्रहणाची जी देखणी चित्रे छापली जातात ती बहुधा पुष्कळ छायाचित्रे संगणकावर एकत्र करून सिद्ध केलेली असतात, आणि अंतराळातील दुर्बिणींची तेजोमेघांची चित्रे तर मुळात निरनिराळ्या गाळण्यांतून घेतलेली बिनरंगी छायाचित्रे. त्यांस रंग कोणते द्यावयाचे हे माणूस ठरवितो. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीबाबत हे जितके खरे, तितकेच २०२१ साली गेलेल्या वेब दुर्बिणीबाबत. वेब पाहते तो बराचसा प्रकाश आपल्या डोळ्यांस दिसतच नाही. चित्र पाहून हा रंग खरा का, असे घरातील मुलांनी विचारले तर प्रश्न टाळू नये. काच काय बोलली आणि हाताने काय भर घातली, हे वेगळे करून सांगता येते, आणि तेवढे सांगितले की चित्राची शोभा काही कमी होत नाही.

नायगमवालांची पुढची हकीकत थोडी आहे. १९१२ साली ते निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळाही मिटली. त्यांच्यामागे ती चालविणारा माणूस सरकारने नेमला नाही. यंत्रे कोडाईकनालच्या वेधशाळेकडे रवाना झाली. तेथे त्या वेळी संचालक होते जॉन एव्हरशेड; १८९८ च्या त्या शनिवारी नायगमवाला जेऊरला जो क्षणदीप्त वर्णपट काचेवर धरीत होते, तोच काही मिनिटांनी तळणीला एव्हरशेड धरीत होते. ग्रबची ती २० इंची दुर्बीण कोडाईकनालला पोहोचली, आणि देणगीदाराच्या संस्थानावरून ती पुढे ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाऊ लागली.