फ्लिकर-डाउनलोडर

फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरील अल्बम एकगठ्ठा संगणकावर उतरवून घेणारे डेस्कटॉप सॉफ्टवेअर. हे एका उत्पादनाचे नाव नसून एका प्रकाराचे आहे. बल्कर, फ्लिकरएडिट, फ्लिकर डाउनलोडर ही त्यातली काही नावे. खिडक्या-बटणांशिवाय, नुसत्या टंकलेल्या आज्ञांवर चालणारे गॅलरी-डीएलही हेच काम करते.

फ्लिकर २००४ साली कॅनडातील व्हँकुव्हरच्या लुडिकॉर्प कंपनीने सुरू केले; स्ट्युअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक हे तिचे संस्थापक. पुढच्याच वर्षी ते याहूकडे गेले. बाहेरच्या प्रोग्रॅमरांना फ्लिकरशी जोडणारी साधने लिहिता यावीत म्हणून त्याचे एपीआय खुले होते, आणि डाउनलोडर जन्मले ते त्याच्याच आधारावर. फोटो चढवण्याची सोय संकेतस्थळ स्वतः देत होते. उतरवताना मात्र बराच काळ एकेक फोटो उघडून साठवावा लागे. अख्खा अल्बम झिप करून देण्याची सोय २०१५ मध्ये आली.

वापरणारा ब्राउझरमधून सॉफ्टवेअरला आपल्या खात्याची परवानगी देतो. मग सॉफ्टवेअर अल्बमची यादी मागते. एका मागणीला जास्तीत जास्त ५०० फोटोंची माहिती मिळते, म्हणून मोठा अल्बम पानापानाने वाचावा लागतो. प्रत्येक फोटोचा पत्ता त्याचा क्रमांक, एक गुप्त संकेत आणि आकाराचे अक्षर यांतून बनतो : ‘बी’ म्हणजे लांब बाजू १०२४ पिक्सेल, ‘ओ’ म्हणजे मूळ फाइल. मूळ फाइलचा गुप्त संकेत वेगळा असतो आणि मालकाची मुभा असेल तरच तो मिळतो. त्यामुळे एकाच अल्बममधून मालकाच्या हाती मूळ फोटो पडू शकतो आणि पाहुण्याच्या हाती लहान केलेली प्रत, सॉफ्टवेअर तेच असले तरी. एपीआयचे नियम बदलले की जुनी साधने बंद पडतात. २०१४ मध्ये एपीआय फक्त एचटीटीपीएसवर चालू लागले तेव्हा न सुधारलेल्या साधनांवर हीच वेळ आली.

या साधनांची खरी निकड २०१८-१९ च्या हिवाळ्यात जाणवली. २०१३ पासून मोफत खात्यांना एक टेराबाइट जागा मिळत होती. एप्रिल २०१८ मध्ये स्मगमगने फ्लिकर विकत घेतले आणि नोव्हेंबरमध्ये मोफत खात्यांची मर्यादा १,००० फोटो व व्हिडिओंवर आणण्याचे जाहीर केले. या मर्यादेवरचे फोटो काढून टाकण्याची तारीख ५ फेब्रुवारी २०१९ होती. ती पुढे १२ मार्च झाली. पुसण्याचा क्रम सर्वांत जुन्यापासून ठरला होता. म्हणजे ज्यांची दुसरी प्रत घरात उरली असण्याचा संभव सर्वांत कमी, तेच आधी जाणार होते. आधीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली ठेवलेल्या फोटोंना यातून सूट मिळाली.

डाउनलोडर निवडताना वेगाकडे पाहिले जाते. त्याहून महत्त्वाचे आहे ते तो फोटोबरोबर काय आणतो हे. कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख मूळ फाइलमध्येच असते. फ्लिकरवर नंतर लिहिलेले शीर्षक, वर्णन, टॅग, नकाशावर टोचलेली जागा आणि लोकांचे अभिप्राय मात्र फ्लिकरच्या विदागारात राहतात. साधन ते फाइलच्या आत किंवा शेजारच्या मजकूर-फाइलीत उतरवत नसेल, तर आजीच्या फोटोखाली कुणीतरी कष्टाने लिहिलेली नातलगांची नावे मागेच राहतात. फ्लिकरकडून मागवलेल्या खात्याच्या विदेत प्रत्येक फोटोसाठी वेगळी जेसन फाइल मिळते, पण ती जुळवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

अल्बममधला क्रमही असाच हरवतो. मालकाने फोटो हाताने लावलेले असतात, पण फोल्डरमध्ये ते फाइलच्या नावानुसार मांडले जातात. म्हणून चांगले साधन नावाआधी ००१, ००२ असे आकडे घालते, आणि एकच फोटो दोन अल्बममध्ये असेल तर तो दोन्ही फोल्डरांत ठेवते.