नासी चाम्पूर

नासी चाम्पूर : ‘नासी’ म्हणजे शिजलेला भात, ‘चाम्पूर’ म्हणजे मिसळलेला. भातासोबत हवी ती कालवणे घेण्याची मलेशियातील मलाय खाणावळींची रीत. क्वालालंपूरच्या काम्पुंग बारूत, १९०० साली मलाय लोकांसाठी राखून दिलेल्या वस्तीत, अशा खाणावळी बऱ्याच आहेत. गिऱ्हाईक ताटलीत भात घेते, मांडलेल्या भांड्यांतून गुलाय (नारळाच्या दुधातला रस्सा), रेंदांग (नारळाच्या दुधात आटवून शिजवलेले मांस), तळलेली मासळी वाढून घेते. ताटलीवर नजर टाकून पैसे सांगितले जातात. या जेवणाचा खरा जीव मात्र ‘उलाम’मध्ये आहे. उलाम म्हणजे कच्चा पाला नि शेंगा : पगागा (आपली मंडूकपर्णी), चौधारी घेवडा, उग्र वासाचे पताईचे दाणे. हे सारे ‘सांबाल ब्लाचान’ला लावून खातात. ब्लाचान ही कोकणातल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, कुटून, वाळवून केलेली वडी. ती भाजून लाल मिरचीसोबत खलात कुटतात आणि वर लिंबू पिळतात. जेवण उजव्या हाताने. मेजावरची किटली पुष्कळदा चहाची नसून हात धुण्याची असते. तिच्याखालच्या तस्ताला भोकांचे झाकण असते, त्यातून खरकटे पाणी आत उतरते.