चव्हाट्यावरचा एशू

नैर्ऋत्य नायजेरियातल्या योरुबा गावांत तिठ्यावर किंवा घराच्या दाराशी जांभ्या दगडाचा एक ओबडधोबड तुकडा रोवलेला असे. त्यावर पामचे लाल तेल ओतत, कारण तो दगड म्हणजे एशू. कोणत्याही ओरिशाला, म्हणजे देवतेला, काही अर्पण करायचे तर पहिला वाटा एशूचा. त्याने पोहोचवले तरच मागणे वर जाणार. इफा पद्धतीने कौल लावणाऱ्या बाबालावोच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या, लाकडी तबकावरही काठाला एशूचाच चेहरा कोरलेला असतो. आज मात्र असंख्य योरुबा माणसांच्या तोंडी ‘एशू’चा अर्थ सैतान. वसाहतवादाने आफ्रिकेच्या धर्मांचे काय केले हे सांगताना १८९७ मध्ये बेनिनच्या राजवाड्यातून लुटलेल्या पितळी शिल्पांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण लुटलेले शिल्प परत मागता येते. काही परत आलीही आहेत. शब्दाचा अर्थच फिरला तर दाद कोणाकडे मागायची? सर्वांत खोल घाव इथे बसला, असे मला वाटते.

हा अर्थ पक्का केला तो योरुबा बायबलने. त्यामागचा प्रमुख माणूस सॅम्युएल अजयी क्राउथर. १८२१ मध्ये ओसोगुन या त्याच्या गावावर धाड पडली आणि हा कोवळा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिश आरमाराने जहाज अडवून त्याला सोडवले. फ्रीटाउनला तो शिकला, ख्रिस्ती झाला आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकी बिशप. १८८४ मध्ये पुऱ्या झालेल्या या भाषांतरात परमेश्वरासाठी योरुबांचाच ‘ओलोरुन’ आला आणि देवाच्या वैऱ्यासाठी योरुबांचाच एशू. दुसरा शब्द नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. प्रार्थनेला ‘अदुरा’ आणि धर्मगुरूला ‘अलुफा’ हे शब्द मुसलमानांकडून योरुबात आलेलेच होते, ते बिनदिक्कत घेतले. ईयोबाच्या पुस्तकात तर ‘सातानी’ हे नावही जसेच्या तसे येते. मराठी बायबलने अरबीतून आलेला ‘सैतान’ घेतला. त्याजागी म्हसोबा घातला असता तर शेंदूर लावलेल्या त्या दगडाकडे पुढच्या पिढ्यांनी कोणत्या नजरेने पाहिले असते?

यावर म्हटले जाते की क्राउथर स्वतः योरुबा होता आणि तेव्हा लागोसपलीकडे ब्रिटिशांची सत्ताही नव्हती. मग यात वसाहतवाद कुठे आला? शब्द निवडताना तो नसेल, पण रुजवताना होता. लागोस १८६१ मध्येच ब्रिटिशांनी घेतले होते, पुढे बहुतेक योरुबा प्रदेश त्यांच्या ताब्यात गेला आणि तिथल्या बहुतेक शाळा मिशनच्या होत्या. वाचायला शिकायचे ते याच पुस्तकावरून, आणि वाचता येणाऱ्यालाच कारकुनी मिळायची. मुसलमानांनीही शैतानासाठी एशू वापरला, हे खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण छापखाना, शाळा आणि नोकरी यांची साखळी मिशनच्या हाती होती. (खुद्द क्राउथरच्या अधिकारांवरही १८९० मध्ये तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी गदा आणली.)

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एशू भांडणे लावतोच ना? दोन जिवलग शेजारी, मधल्या बांधावरून जाणारा एशू, त्याची एका बाजूने एका रंगाची आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या रंगाची टोपी, आणि त्या रंगावरून जुंपलेली मारामारी ही गोष्ट योरुबांचीच. पण ज्याने आपल्याच बाजूचे पाहून शपथ घेतली त्याचे डोळे उघडणारा हा देव आहे. तो धाकात ठेवतो, चुकलेल्याला अडवतो. ओलोरुनशी मात्र त्याचे वैर नाही, तो त्याचाच दूत. ब्राझीलमध्ये त्याच्यावर सैतानाचा शिक्का बसला खरा, तरी गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशजांनी तिथे आणि क्यूबात पूजेतला पहिला मान त्यालाच ठेवला. क्यूबातल्या घरांत दारामागे कवड्यांचे डोळे असलेले त्याचे मस्तक अजून बसवतात.

मायदेशी माणसांची नावेही बदलली. ‘एशूबियी’ म्हणजे एशूने दिलेले मूल. ख्रिस्ती झालेल्या घरांत अशा नावांतला एशू काढून तिथे ‘ओलू’, म्हणजे प्रभू, घालण्याची रीत पडली. नवस फेडला गेला, पण दुसऱ्याच्या दारात.