काळ्या द्राक्षाचा रस फिका, मग रेड वाइन लाल कशी होते?

एखादं काळं द्राक्ष सोलून पाहा. आतला गर हिरवट-पांढरट दिसेल. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस असाच फिका असतो. म्हणूनच फ्रान्समध्ये पिनो न्वार या काळ्या द्राक्षापासून पांढरी शॅम्पेनही बनते. मग रेड वाइनला रंग येतो कुठून? तर सालीतून. त्यामुळे साल आणि रस एकत्र किती दिवस ठेवायचे, यावर रेड वाइनचं बरंचसं गणित ठरतं. नाशिकच्या बागेपासून ग्लासापर्यंत हे कसं घडतं, ते पाहूया.

वर्षातून दोन छाटण्या

थंड देशांत हिवाळ्यात वेलीची पानं गळतात आणि वेल विश्रांती घेते. नाशिकमध्ये तेवढी थंडी नसते, म्हणून वेल दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. त्यातून नव्या काड्या तयार होतात. पावसाळा सरताना फळछाटणी होते आणि त्यानंतर घड लागतात. तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते.

वाइनची द्राक्षं खाण्याच्या द्राक्षांपेक्षा वेगळी असतात. कॅबरने सोव्हिन्यों किंवा शिराझचे मणी लहान असतात आणि त्यात बियाही असतात. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणजेच रंगही जास्त.

तोडणी कधी करायची?

हा सगळ्यात अवघड निर्णय. रसातली साखर रिफ्रॅक्टोमीटरने मोजतात, तिचं माप म्हणजे ब्रिक्स. रेड वाइनसाठी साधारण 22 ते 24 ब्रिक्स झाल्यावर तोडणी होते. त्यातून 12 ते 13 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. घाई केली तर वाइन आंबट आणि तुरट होते, फार थांबलं तर आंबटपणा उतरून ती सपक लागते. शिवाय थांबण्यात धोकाही असतो. ऐन तोडणीत अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, तर मणी तडकतात, घड कुजतात आणि शेतकऱ्याची वर्षभराची मेहनत बागेतच वाया जाते.

साल आणि रसाची सोबत

वायनरीत आधी देठ वेगळे करतात आणि मणी हलके फोडतात. साल, बिया, गर आणि रस सगळं एकाच टाकीत जातं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. या वायूमुळे साली वर तरंगतात आणि त्यांचा जाड थर जमतो. तो कोरडा पडू नये आणि रंग नीट उतरावा, म्हणून खालचा रस पंपाने वर सोडतात किंवा थर खाली दाबतात. तापमान साधारण 25 ते 30 अंश ठेवतात. त्याहून फार वाढलं तर यीस्ट मरू शकतं.

साधारण एक-दोन आठवड्यांनी वाइन काढून घेतात आणि उरलेला चोथा प्रेसमध्ये दाबतात. पुढे जिवाणू तिच्यातल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात. मॅलिक म्हणजे हिरव्या सफरचंदातलं आम्ल, लॅक्टिक म्हणजे दह्यातलं. यामुळे वाइन मऊ होते. काही वाइन स्टीलच्या टाकीत, तर काही ओकच्या पिंपात काही महिने मुरवतात. मग गाळून बाटलीत भरतात.

चव घेताना काय पाहायचं?

ग्लास एक तृतीयांश भरा आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. जांभळट छटा असेल तर वाइन बहुधा नवी, विटकरी असेल तर मुरलेली. ग्लास हलकेच फिरवून वास घ्या. व्हिनेगरसारखा भपकारा आला तर वाइन बिघडलेली आहे. मग छोटा घोट तोंडात घोळवा. कडक कोऱ्या चहासारखी जीभ कोरडी पडली, तर ते टॅनिन, म्हणजे साली आणि बियांमधून उतरलेला तुरटपणा.

रेड वाइन थंड करू नये असं म्हणतात, पण तो सल्ला थंड देशांतल्या खोल्यांसाठी आहे. तिला 16 ते 18 अंश तापमान मानवतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवलेलीच बरी.