रिफ्ट व्हॅली ज्वर : इतिहास व प्रसार

मेंढ्या, शेळ्या, गुरे व उंट या जनावरांना आणि त्यांच्यापासून माणसाला होणारा व्हायरसजन्य रोग. जनावरांत तो डासांच्या दंशाने पसरतो. माणसाला डास चावूनही तो होत असला, तरी बहुतेक रोग्यांना तो आजारी जनावराचे रक्त, मांस किंवा पडलेला गर्भ हाताळल्याने जडतो. पूर्व आफ्रिकेतील ज्या खचदरीत तो प्रथम ओळखला गेला, तिच्यावरून हे नाव रूढ झाले.

केनियात कोकरे अकस्मात मरत असल्याच्या नोंदी १९१२ च्या सुमारापासून मिळतात; परंतु कारण उलगडले नव्हते. १९३० च्या मध्यास नैवाशा सरोवराजवळच्या एका मोठ्या कळपात नवजात कोकरे धडाधड मरू लागली व गाभण मेंढ्या गाभडू लागल्या. सुमारे चार आठवड्यांत ३,५०० कोकरे व १,२०० मेंढ्या दगावल्या. काबेटे येथील पशुवैद्यकीय प्रयोगशाळेतील डॉबनी व हडसन यांनी गार्नहॅम यांच्यासह या रोगाचे वर्णन १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. मेलेल्या कोकरांचे यकृत सडल्यासारखे दिसे. मेंढ्या राखणारे गुराखी आणि खुद्द संशोधक यांनाही ज्वर आला. कळप उंचावरील थंड भागात हलविताच मृत्यू थांबले, त्यामुळे डासांचा संशय बळावला. युगांडातील सेमलिकी अरण्यात १९४४ मध्ये पकडलेल्या डासांतून स्मिथबर्न, हॅडो व जिलेट यांनी हा व्हायरस वेगळा केला, तेव्हा या संशयाला पुरावा मिळाला.

दक्षिण आफ्रिकेत १९५०–५१ मध्ये आलेल्या साथीत सुमारे एक लाख मेंढ्या मेल्या व पाच लाख गाभडल्या, असा अंदाज आहे. तेथे रोगाचे निदान झाले ते जनावरांवरून नव्हे, तर एका बैलाचे शवविच्छेदन केल्यावर पशुवैद्य व त्यांचे मदतनीस आजारी पडले म्हणून. या रोगाच्या इतिहासात असे पुनःपुन्हा घडले आहे. जनावरांतील साथ आधी येते, पण तिची दखल माणसे आजारी पडल्यावर घेतली जाते.

दोन साथींमध्ये पाच ते पंधरा वर्षांचा काळ जातो. तेवढा काळ व्हायरस कोठे राहतो, हे कोडे दीर्घकाळ सुटले नव्हते. केनियातील गवताळ प्रदेशात पावसाचे पाणी साचणारे उथळ खोलगट भाग असतात. त्यांना ‘डांबो’ म्हणतात. त्यांच्या ओलसर मातीत ईडिस वंशातील काही डास अंडी घालतात. ही अंडी कोरड्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात आणि पाणी भरल्यावरच उबतात. लिंथिकम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जागी गोळा केलेल्या डासांच्या डिंभांपासून प्रौढ डास वाढविले. त्या न चावलेल्या डासांतही व्हायरस सापडल्याचे त्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे तो मादीकडून अंड्यात उतरतो. अतिवृष्टीनंतर हे डास प्रथम गुरांना चावतात. पुढे त्याच पाण्यात वाढणारे क्युलेक्स व इतर डास साथ दूरवर नेतात.

ईजिप्तमध्ये १९७७ साली आलेली साथ या चौकटीत बसत नाही. नाईलचे खोरे पावसावर अवलंबून नाही. तेथे कालव्यांच्या पाण्यातील क्युलेक्स डासांनी रोग पसरविला. सुमारे दोन लाख माणसांना लागण झाली असावी. सुमारे ६०० मृत्यूंची नोंद झाली. रक्तस्राव, मेंदूचा दाह व दृष्टिनाश ही लक्षणे मोठ्या संख्येने प्रथम येथे दिसली. सूदानातून आणलेल्या जनावरांबरोबर व्हायरस आला, हे मत ग्राह्य वाटते. आस्वान धरणाचा संबंध मात्र तर्काच्या पातळीवरच राहिला आहे. मॉरिटेनियात सेनेगल नदीकाठी १९८७ मध्ये, म्हणजे दियामा बंधारा पूर्ण झाल्यावर वर्षभरात आलेल्या साथीमुळे या तर्काला थोडे बळ मिळाले.

एल निन्योच्या अतिवृष्टीनंतर १९९७–९८ मध्ये केनिया व सोमालियात मोठी साथ आली. २००० साली सौदी अरेबिया व येमेन येथे हा रोग प्रथमच आफ्रिकेबाहेर पोहोचला. तेथे दोनशेवर माणसे मेली. त्यानंतर सौदी अरेबियाने आफ्रिकेच्या शृंगातील (ईशान्य टोकाकडील) जनावरांवर घातलेली बंदी २००९ पर्यंत टिकली. ज्यांची सारी मिळकत या निर्यातीवर होती, त्या सोमाली पशुपालकांना तिची झळ रोगाहून अधिक बसली.

समुद्राचे तापमान व उपग्रहांनी टिपलेली वनस्पतींची हिरवाई यांवरून भाकीत करण्याची पद्धत १९९९ मध्ये मांडली गेली. तिच्या आधारे २००६ च्या शरद ऋतूत पूर्व आफ्रिकेला इशारा दिला गेला आणि डिसेंबरात साथ आलीच. केनिया, सोमालिया व टांझानियात मिळून तीनशेवर मृत्यू झाले. इशारा मिळूनही लस टोचण्यास उशीर झाला होता. या भागातील सोमाली गुराखी मात्र या रोगाला ‘सांदिक’ (नाकातून रक्त येणे) म्हणून ओळखत होते, आणि पाऊस, डासांचे थवे व मेंढ्या गाभडणे यांचा संबंध त्यांनी सरकारी यंत्रणेच्या आधी जोडला होता.

जनावरांसाठी स्मिथबर्न यांनी तयार केलेली सजीव लस १९५० च्या सुमारापासून वापरात आहे, पण ती गाभण मेंढ्यांना टोचल्यास गर्भपात होऊ शकतो. ‘क्लोन १३’ ही अधिक निर्धोक लस दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये आली. माणसांसाठी सर्रास वापरता येईल अशी परवानाप्राप्त लस नाही. भारतात या रोगाची साथ उद्भवलेली नाही. सेनेगल नदीच्या खोऱ्यात २०२५ च्या सप्टेंबरात तो पुन्हा प्रकट झाला.