शिकाऊ विमान आणि कारागिराचा हात

उसाचा हंगाम सरला म्हणजे इस्लामपूरकडील साखर कारखान्यांची धुराडी थंड होतात. परंतु कसबी फिटरास कारखाना सहसा सोडीत नाही. पावसाळाभर यंत्रे उलगडून पुन्हा जोडण्याचे काम त्यास दिले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर बंगलोरच्या विमान कारखान्यापुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला.

शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. तेथे प्रथम जोडलेले व १९४१ साली उडालेले हार्लो विमान वैमानिकांच्या शिक्षणासाठीच होते. १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. पुढे अमेरिकन सैन्याच्या विमानांची दुरुस्ती हाच तेथील मुख्य उद्योग झाला. युद्ध थांबले, तसे तेही काम आटले. तेव्हा कारखान्याने डाकोटा विमाने मुलकी वाहतुकीजोगी करून दिली आणि आगगाडीचे डबे व बसगाड्यांचे सांगाडेही बांधले. विमानाच्या कारखान्यात आगगाडीचे डबे! हसणारे हसले असतील. पण पत्रा वाकविणारा व रिबीट ठोकणारा हात त्यामुळे सवयीत राहिला.

म्हणूनच कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या आराखड्यास कारागीर मिळाले. गॉटिंगेन येथे प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेल्या या पंडिताचे एच. टी.-२ हे दोन आसनांचे, सर्व धातूचे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. पुढे तशी दीडशेहून अधिक बांधली गेली. नंतर १९६४ साली किरण, १९७७ साली दीपक, अशी परंपरा चालली.

दीपकचे इंजिन हवेत बंद पडून कित्येक वैमानिक दगावले. २००९ साली ते विमान उडविणे थांबविण्यात आले. त्याची जागा घेण्यास दुसरे देशी विमान तयार नव्हते. २०१२ साली ७५ पिलाटस विमाने स्वित्झर्लंडहून मागविली, आणि विद्यार्थ्यांच्या प्राणांचा प्रश्न असता ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. तथापि हवाई दल अनुकूल नसताही कारखान्याने स्वतःच्या पैशाने एच. टी. टी.-४० बांधावयास घेतले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ते २०१६ साली उडाले, व मार्च २०२३ मध्ये त्याच हवाई दलासाठी अशा ७० विमानांचा करार झाला. एच. टी.-२ चे इंजिन ब्रिटिश होते. याचे अमेरिकन आहे.