न लागलेल्या आगीचे श्रेय

रिसालीहून नागपूरला जायचे तर दुर्गला गाडी पकडावी लागते. राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया मागे पडले की भंडारा रोड येते. भिलाईत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना हे स्टेशन दिसले की घर जवळ आल्यासारखे वाटे. ९ जानेवारी २०२१ नंतर मात्र माझ्यातला निवृत्त अधिकारी तेथे अस्वस्थ होतो. त्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. १७ बालकांपैकी ७ वाचली, १० दगावली.

आगीशी झुंजणाऱ्यांचा गौरव करण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि ती योग्यच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आमच्या भिलाईलाही हे दुःख परके नाही. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी पोलाद कारखान्यात वायुवाहिनीचा स्फोट झाला, तेव्हा मृतांमध्ये अग्निशमन विभागाचे कर्मचारीही होते.

रुग्णालयाच्या आगीतील शौर्याचे उदाहरण कोलकात्याचे आहे. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे ढाकुरिया येथील आमरी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वाहने ठेवण्याच्या जागेत ज्वालाग्राही सामान साठवले होते. वातानुकूलन यंत्रणेच्या मार्गांनी धूर वरच्या मजल्यांवर पोहोचला आणि सुमारे ९० जणांचा बळी गेला, बहुतेकांचा गुदमरून. रम्या राजन आणि पी. के. विनीता या केरळच्या दोन तरुण परिचारिका रुग्णांना बाहेर काढता काढता मरण पावल्या. त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मरणोत्तर देण्यात आले. त्या पदकापुढे मान झुकते. पण प्रशासक म्हणून मला असेही वाटते, की तळघरातील सामान वेळीच हलवायला लावणारा कोणी असता, तर त्या दोघी आज हयात असत्या. आणि त्या माणसाला मात्र कोणतेच पदक मिळाले नसते.

रुग्णालयाची गोष्ट इतर इमारतींहून वेगळी आहे. घंटा वाजली की कचेरीतली माणसे जिना उतरतात. कृत्रिम श्वासावर असलेला रुग्ण किंवा उष्णता देणाऱ्या यंत्राखालचे अर्भक उतरू शकत नाही. म्हणून मजल्याचे आगरोधक भाग पाडायचे आणि रुग्णाला प्रथम त्याच मजल्यावरील शेजारच्या सुरक्षित भागात न्यायचे, हे तेथील मुख्य सूत्र. ते पाळायचे तर दरवाजे उघडे मिळाले पाहिजेत, वायरिंग तपासलेले पाहिजे आणि रात्रपाळीला सराव हवा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. भंडाऱ्याची आगही जानेवारीतलीच. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात पुन्हा आग लागली. कायदा होता, महिने ठरलेले होते. तो मनापासून राबवावा असे वाटायला लावणारे मात्र काही नव्हते.

याबाबतीत मी स्वतःही निर्दोष नाही. नोकरीत असताना एका रुग्णालयाच्या तपासणीला गेलो होतो. मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप होते. तेथील इनचार्ज सिस्टरने किल्ली वॉर्डातच असावी म्हणून तीन वेळा लेखी कळवले होते. तिन्ही पत्रे 'दप्तरी दाखल' होती, आणि सिस्टर 'कटकटी' ठरल्या होत्या. मी कुलूप काढायला लावले. अहवालात मात्र स्वच्छतेबद्दल प्रमुखांचे कौतुक लिहिले; सिस्टरच्या पत्रांचा उल्लेखही केला नाही. त्या इमारतीत पुढे आग लागली नाही. म्हणूनच त्यांचे काम कोणत्याही कागदावर आले नाही. आज त्यांचे नावही मला आठवत नाही, ही माझी खंत आहे.

आपली व्यवस्था घडलेल्या गोष्टींचीच नोंद ठेवते. टळलेल्या गोष्टीला फाइल नसते. त्यामुळे आगीनंतर चौकशी, निलंबन आणि पदके हे सर्व होते. आगीपूर्वी धोका दाखवणाऱ्याच्या वाट्याला उपेक्षा येते. यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक रुग्णालयात दोष-नोंदवही असावी. दोष कोणी दाखवला, कोणत्या तारखेला दाखवला आणि तो कोणी दूर केला, एवढे तीत लिहावे. तपासणी अधिकाऱ्याने ती प्रथम पाहावी आणि दोष दाखवणाऱ्याची नोंद त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात घ्यावी. वीजतंत्री असो, वॉर्डबॉय असो की सिस्टर, 'यांनी वेळीच सांगितले' एवढे एक वाक्य सेवापुस्तकात यावे.

शौर्यपदकांचा मान कमी व्हावा असे मी म्हणत नाही. ती देण्याची वेळ क्वचित यावी, एवढेच म्हणतो. ते एक वाक्य लिहिण्याचा अधिकार माझ्या हाती होता, आणि मी तो वापरला नाही. आज ज्यांच्या हाती तो आहे, त्यांनी वापरावा.